नकाशाबाहेरची माणसं

१९१० साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात शिरगणती झाली. घरोघर फिरणाऱ्या कारकुनाच्या तक्त्यात एक रकाना होता: रोजच्या व्यवहारात कोणती भाषा बोलता? उत्तर मनाला येईल ते चालत नव्हतं. सरकारमान्य भाषांची यादी ठरलेली होती: जर्मन, चेक, पोलिश, रुथेनियन, स्लोव्हेन, इटालियन, रोमानियन अशी. गॅलिशिया प्रांतातले लाखो ज्यू घरात, बाजारात, भांडणात यिडिश बोलत. ती त्या यादीत नव्हती. तिला स्वतंत्र भाषा मानायलाच सरकार तयार नव्हतं. मग लेंबर्गचा यिडिश बोलणारा शिंपी कागदावर पोलिश व्हायचा, आणि तो पोलिश झाला की त्या प्रांतातलं पोलिशांचं संख्याबळ आयतंच वाढायचं. काहींनी हट्टानं 'यिडिश' लिहून घ्यायला लावलं, तर त्यांना दंडाची तंबी मिळाली.

इतिहासाच्या पुस्तकांत हा रकाना फार तर तळटिपेत येतो. इथे सुरुवातच त्याच्यापासून केली, कारण पुढचे बहुतेक लेख फिरून फिरून याच जागी अडखळतात. राष्ट्र, फॅसिझम आणि अल्पसंख्य या विषयांवर समाजवाद्यांनी शंभरेक वर्षांत जे लिहिलं, त्यातलं निवडक या संग्रहात मराठीत एकत्र केलं आहे. हे लेखक एकमेकांचे सोबती कमी आणि प्रतिवादी जास्त आहेत. रोझा लक्झेंबर्ग लेनिनशी भांडते, स्टालिन ऑस्ट्रियाच्या ओटो बाउअरवर तुटून पडतो, ज्यू कामगारांच्या बुंद या संघटनेचे लोक सगळ्यांशीच भांडतात. वाचकानं त्यांच्यात एकवाक्यता शोधू नये, ती नाही.

आपल्याकडे या विषयावर दोन ठरीव मतं ऐकू येतात. समाजवाद्यांना राष्ट्र कधी कळलंच नाही, ते पोथीतले वर्ग मोजत बसले, हे एक. दुसरं खुद्द डाव्यांच्या अभ्यासवर्गांत ऐकू येतं: राष्ट्रवाद हा भांडवलदारांचा बनाव आहे, शोषण संपलं की अल्पसंख्यांचा प्रश्न आपोआप मिटेल. ही पानं वाचल्यावर दोन्ही मतं टिकू नयेत. समाजवाद्यांनी राष्ट्रावर ढीगभर लिहिलं. ज्यांच्या पायाखाली सलग मुलूख आहे अशा लोकांचे हक्क त्यांनी त्या काळच्या कितीतरी उदारमतवाद्यांच्या आधी आणि जास्त स्पष्टपणे मांडले. त्यांचं घोडं अडलं ते विखुरलेल्यांपाशी. ज्यांची वस्ती सगळीकडे आहे आणि बहुमत कुठेच नाही, नकाशावर ज्यांना वेगळा रंग देता येत नाही, त्यांचं काय करायचं? मुख्य प्रवाहातल्या समाजवाद्यांनी हा प्रश्न एक तर टाळला, नाही तर त्या माणसांना विरघळून जायला सांगितलं. फॅसिझमनं हात घातला तो नेमका याच माणसांना. या सगळ्या वादाचं सूत्र मला इथे दिसतं. संपादक मंडळात ते सगळ्यांना मान्य नाही, हेही नोंदवून ठेवतो.

सुरुवात काही गौरवाची नाही. १८४८ च्या उठावांत हंगेरीचे मग्यार सम्राटाविरुद्ध उभे राहिले, तर क्रोएट आणि चेक पुढाऱ्यांतले बरेच जण सम्राटाच्या बाजूला गेले. जानेवारी १८४९ मध्ये मार्क्स संपादक असलेल्या कोलोनच्या दैनिकात अठ्ठावीस वर्षांच्या एंगेल्सनं या लोकांना इतिहास नसलेले ठरवलं आणि क्रांतीच्या वावटळीत ते पुसले जातील असं भाकीत केलं. तो मजकूर आज वाचवत नाही. गाळावा असंही सुचवलं गेलं होतं. ठेवला, कारण त्याची झाडाझडती पुढे समाजवाद्यांनीच घेतली. रोमान रोस्दोल्स्की हा लेंबर्गचा युक्रेनियन मार्क्सवादी, आउश्विट्झमधून जिवंत परतलेला. एंगेल्सच्या या एका भूमिकेवर त्यानं आख्खं पुस्तक लिहिलं. मार्क्स स्वतः आयर्लंडच्या निमित्तानं बराच बदलला. आयर्लंड दबलेलं असेतो इंग्लिश मजुराची सुटका नाही, हे तो १८७० च्या आसपास ठामपणे लिहू लागला होता. पण आयर्लंडला समुद्रानं आखून दिलेली हद्द होती.

खरा वाद पेटला व्हिएन्नात, आणि पेटला तो नोकऱ्यांवरून. १८९७ साली पंतप्रधान बाडेनी यांनी हुकूम काढला की बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सरकारी कारकुनांना जर्मन आणि चेक या दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. चेक कारकुनाला जर्मन येतच असे. जर्मन कारकुनाला चेक येत नसे, आणि शिकण्याची त्याची इच्छाही नव्हती. संसदेत दौती भिरकावल्या गेल्या, सभागृहात पोलीस बोलवावे लागले, रस्त्यांवर दंगली झाल्या आणि नोव्हेंबरात बाडेनींना घरी जावं लागलं. भाषेचा अभिमान आणि पगाराचं पाकीट किती जवळ असतात ते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. कामगार यातून अलिप्त राहिले असंही नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रियाचा समाजवादी पक्ष सहा राष्ट्रीय पक्षांचा संघ बनला, आणि काही वर्षांतच चेक कामगार संघटना व्हिएन्नाच्या मध्यवर्ती संघटनेतून फुटू लागल्या. तेव्हा या पक्षानं राष्ट्राच्या प्रश्नात डोकं घातलं ते विद्वत्तेच्या हौसेनं नव्हे. घरचं छप्पर गळत होतं.

१८९९ च्या ब्रनो परिषदेत दक्षिण स्लाव प्रतिनिधींनी एक वेगळीच सूचना आणली. राष्ट्रीयत्व मुलुखाला न चिकटवता माणसाला चिकटवा, असं त्यांचं म्हणणं. परिषदेनं ते स्वीकारलं नाही. मुलुखानुसार संघराज्य करा, एवढ्यावर तडजोड झाली. पण ती कल्पना संसदेच्या ग्रंथालयात नोकरीला असलेल्या कार्ल रेनर नावाच्या कायदेपंडितानं उचलून धरली. सरकारी नोकर असल्यामुळे त्यानं लिहिलं टोपणनावानं. मुद्दा साधा होता. एके काळी राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म असे. पुढे धर्म ज्याचा त्याचा झाला आणि एकाच गावात दोन पंथ नांदू लागले. राष्ट्रीयत्वाचंही तसंच करता येईल. प्रत्येक नागरिकानं आपलं राष्ट्रीयत्व स्वतः नोंदवावं. त्या नोंदीनुसार माणसं कुठेही विखुरलेली असोत, त्यांची एक संस्था व्हावी. तिनं आपल्या शाळा, ग्रंथालयं, नाट्यगृहं चालवावीत आणि त्यासाठी करही घ्यावा. रस्ते, रेल्वे, सैन्य, बँका सगळ्यांच्या सामाईक.

ही कल्पना अगदीच हवेत राहिली नाही. १९०५ साली मोराव्हियात चेक आणि जर्मन मतदारांच्या वेगळ्या याद्या झाल्या, शाळा मंडळं वेगळी झाली, आणि निदान निवडणुकीच्या दिवशी डोकी फुटणं कमी झालं. चारच वर्षांनी आपल्याकडे विभक्त मतदारसंघ आले, पण ते सरकारनं वरून दिलेले. मोराव्हियातला करार दोन समाजांच्या पुढाऱ्यांनी समोरासमोर बसून केला होता. ज्यूंना तिथेही वेगळी यादी नव्हती. चेकांत जा, नाही तर जर्मनांत.

ओटो बाउअरचा जाडजूड ग्रंथ आला १९०७ साली. तेव्हा तो पंचविशीत होता. (फ्रॉइडनं 'डोरा' या नावानं जिच्यावर लिहिलं ती इडा ही त्याची बहीण. व्हिएन्ना त्या काळी तेवढंच लहान होतं.) बाउअरच्या मते राष्ट्र म्हणजे एकत्र भोगलेल्या नशिबातून घडलेला स्वभाव, आणि तो घडतच राहतो. समाजवादानं तो पुसून टाकायचा नाही. आजवर वरच्या थरापुरती राहिलेली राष्ट्राची संस्कृती समाजवाद मजुरापर्यंत पोचवेल, असं तो म्हणतो. हे प्रकरण संग्रहात सर्वांत लांब आहे आणि ते लांब असायलाच हवं होतं. पण त्याच ग्रंथात ज्यूंवर एक प्रकरण आहे, तेही आम्ही पूर्ण दिलं आहे. सर्वांना स्वायत्तता देणारा बाउअर तिथे हात आखडता घेतो. भांडवलशाही ज्यूंना आजूबाजूच्या राष्ट्रांत मिसळून टाकणारच आहे, तेव्हा वेगळ्या शाळा मागून ज्यू कामगारानं स्वतःला मागे ओढू नये, असा त्याचा सल्ला. बाउअर स्वतः ज्यू गिरणीमालकाचा मुलगा. त्यानं जर्मन संस्कृती आपली मानली होती, आणि जे आपल्याला जमलं ते लेंबर्गच्या शिंप्यालाही जमेल असं त्यानं गृहीत धरलं.

व्हिल्नात १८९७ साली तेरा माणसांनी गुपचूप जमून ज्यू कामगारांचा बुंद स्थापन केला, तो या गृहीताला आधीच दिलेलं उत्तर होता. त्यांचे सभासद कातडी कमावणारे, ब्रशसाठी डुकराचे केस साफ करणारे, शिंपी. यांची पिळवणूक करणारा मालकही बहुधा ज्यूच असे, त्यामुळे 'ज्यू ऐक्य' या शब्दाला ते भुलत नसत. धर्मगुरूंशी त्यांचं जमलं नाही, आणि पॅलेस्टाइनला चला म्हणणाऱ्यांशी त्यांचं हाडवैर. आम्ही इथले, इथेच राहणार, आमच्या भाषेत शिकणार आणि शेजारच्या पोलिश-रशियन कामगाराबरोबर संप करणार, एवढं त्यांचं मागणं. रशियन समाजवाद्यांचा पक्ष १८९८ साली मिन्स्कमध्ये स्थापन झाला तेव्हा नऊ प्रतिनिधींपैकी तीन बुंदचे होते. पाच वर्षांनी, ब्रसेल्समध्ये सुरू होऊन लंडनमध्ये संपलेल्या दुसऱ्या अधिवेशनात, ज्यू कामगारांच्या वतीनं बोलण्याचा आपला अधिकार मान्य करा ही मागणी फेटाळली गेली आणि बुंद बाहेर पडला. तो बाहेर पडल्यामुळेच उरलेल्यांत लेनिनच्या गटाचं बहुमत झालं. रशियन क्रांतीच्या इतिहासात या सभात्यागाला जेवढं महत्त्व मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही.

१९१३ च्या हिवाळ्यात एक जॉर्जियन क्रांतिकारक महिनाभर व्हिएन्नात येऊन राहिला. जर्मन त्याला जेमतेम येई. बाउअर-रेनर वाचायला बुखारिनसारख्या सहकाऱ्यांची मदत घ्यावी लागली. शोनब्रुन राजवाड्याजवळच्या त्या घरावर त्याच्या नावाची पाटी आजही आहे. स्टालिननं तिथे लिहिलेला निबंध या संग्रहातला सर्वांत सुबोध मजकूर आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातकही. भाषा, मुलूख, आर्थिक जीवन आणि संस्कृतीतून दिसणारी मनोघडण, या चारही गोष्टी समान असतील तर ते राष्ट्र. एक जरी कमी पडली तरी नाही. ज्यूंना सलग मुलूख नाही, तेव्हा ते राष्ट्र नाहीत आणि बुंदची मागणी गैरलागू. शाळामास्तराच्या फळ्यावर शोभेल अशी ही व्याख्या होती, म्हणून ती जगभर गेली.

राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कावरून लक्झेंबर्ग आणि लेनिन यांच्यात झालेल्या वादावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी दोनच गोष्टी सांगून पुढे जातो. राष्ट्राचा हक्क म्हणता तेव्हा त्या राष्ट्राच्या नावानं कोण बोलतं, जमीनदार की मजूर, हा लक्झेंबर्गचा सवाल अजून शिल्लक आहे. आणि लेनिनचं सर्वांत मोलाचं म्हणणं पुस्तकी वादात येत नाही. ते येतं डिसेंबर १९२२ मध्ये अंथरुणाला खिळलेला असताना त्यानं सांगून लिहवून घेतलेल्या टिपणात. ऑर्जोनिकिद्झे या मॉस्कोच्या माणसानं तिबिलिसीत एका जॉर्जियन कम्युनिस्टाच्या थोबाडीत मारली होती. ऑर्जोनिकिद्झे स्वतः जॉर्जियनच, आणि त्याची पाठराखण करणारा स्टालिनही. लेनिन अस्वस्थ झाला. मोठ्या राष्ट्राचा राष्ट्रवाद आणि लहान राष्ट्राचा राष्ट्रवाद एका तागडीत घालता येत नाहीत. मोठ्यानं नुसती समानता देऊन भागत नाही, थोडं झुकतं माप द्यावं लागतं, असं त्यानं बजावलं. सोव्हिएत संघाची स्थापना झाली त्याच दिवशी हे टिपण सुरू झालं. त्याचा उपयोग झाला नाही.

सुरुवातीची दहा वर्षं मात्र विलक्षण होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या भाषांना लिपी नव्हती त्यांना लिपी मिळाली, यिडिशमध्ये सरकारी शाळा चालल्या, गावपातळीपर्यंत अल्पसंख्यांचे स्वायत्त विभाग झाले. मग चाक उलटं फिरलं. १९३२ पासून अंतर्गत पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाचा रकाना आला. रेनरला जी नोंद ज्याच्या त्याच्या मर्जीनं व्हायला हवी होती, ती पुढे आईबापांवरून ठरू लागली आणि जन्मभर चिकटली. ज्यूंना १९३४ साली मुलूख मिळाला तो चीनच्या सीमेवर, बिरोबिजानमध्ये. तिथे ते कधीच बहुसंख्य झाले नाहीत. १९३७ साली अतिपूर्वेकडचे पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन आगगाड्यांत भरून मध्य आशियात नेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश, मे महिन्यात क्रिमियाचे तातार. यांतल्या चेचेनांना आणि तातारांना तर नकाशावर रंगही होता. तो रातोरात खरवडून काढण्यात आला.

फॅसिझमवरचा विभाग वाचताना वाचकानं एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुसोलिनी १९१२ ते १९१४ या काळात इटलीच्या समाजवादी पक्षाच्या मुखपत्राचा संपादक होता. शत्रू घरातून उठून गेलेला होता. त्याच सुमाराला, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, युरोपातल्या सर्वांत बलाढ्य समाजवादी पक्षानं जर्मन संसदेत युद्धखर्चाच्या बाजूनं मत दिलं. पक्षाच्या बैठकीत चौदा जण विरोधात होते, पण शिस्तीपायी सभागृहात तेही गप्प राहिले. एकट्या कार्ल लीबक्नेख्टनं विरोधी मत दिलं, तेही डिसेंबरात.

जून १९२३ मध्ये मॉस्कोत कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयच्या बैठकीत क्लारा झेटकिननं फॅसिझमवर अहवाल मांडला. तो इथे पूर्ण दिला आहे, आणि घाईतल्या वाचकानं निदान तेवढा वाचावाच. फॅसिझम म्हणजे भांडवलदारांनी भाड्यानं घेतलेले गुंड, असं तेव्हा सगळे समजत होते. झेटकिन म्हणाली, गुंड आहेत, पण त्यांच्या मागे गर्दी आहे: महागाईनं धुऊन निघालेले कारकून, घरी परतलेले सैनिक, ज्यांना समाजवादाची आशा होती आणि ती आपण पुरी केली नाही अशी माणसं. राष्ट्र हा शब्द त्यांना आधार देतो. त्यांच्याशी नुसत्या काठ्यांनी लढता येणार नाही, त्यांच्या मनाशी बोलावं लागेल.

त्याच बैठकीत कार्ल राडेक उभा राहिला. रूरच्या खोऱ्यात रेल्वेमार्ग उडवल्याबद्दल फ्रेंच सैन्यानं गोळी घातलेल्या श्लागेटर या जर्मन राष्ट्रवाद्याचं त्यानं भावपूर्ण गुणगान केलं; असे देशभक्त चुकून तिकडे गेलेत, त्यांना कामगारांकडे वळवू या, असा त्याचा रोख. राडेक लेंबर्गच्या ज्यू घरातला. काही आठवडे जर्मन कम्युनिस्ट आणि कडवे राष्ट्रवादी एकमेकांचे लेख छापत राहिले. वळलं कोणीच नाही, श्लागेटर पुढे नाझींचा हुतात्मा झाला. गर्दीच्या मनाशी बोला म्हणणारी झेटकिन आणि गर्दीच्याच भाषेत बोलू लागणारा राडेक यांच्यातला फरक त्या बैठकीत किती जणांना जाणवला असेल, कोण जाणे. राष्ट्र या शब्दाला घाबरून पळायचं नसेल तर तो वापरायचा कसा, हा प्रश्न खरा होता. राडेकच्या उत्तरात मात्र त्या शब्दानं ज्याला घराबाहेर काढलं जाणार होतं तो शेजारी कुठेच नव्हता.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आकडेच देतो. १९२८ नंतर कम्युनिस्टांनी समाजवादी लोकशाहीवाद्यांनाच फॅसिझमचे जुळे भाऊ ठरवलं. दुसऱ्या बाजूनं, १९२९ च्या मे दिनी बर्लिनमध्ये कामगारांवर गोळ्या चालल्या तेव्हा पोलीसप्रमुख समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचाच होता, तेव्हा राग निव्वळ पोथीतला नव्हता. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ३३.१ टक्के मतं मिळाली. समाजवादी लोकशाहीवाद्यांना २०.४ आणि कम्युनिस्टांना १६.९. त्याच आठवड्यात बर्लिनच्या वाहतूक संपात कम्युनिस्ट आणि नाझी एका बाजूला उभे होते. त्याआधी, ऑगस्टअखेर, सर्वांत वडील सभासद या नात्यानं पंचाहत्तर वर्षांच्या, जवळजवळ दृष्टी गेलेल्या झेटकिनला आधार देऊन संसदेच्या अध्यक्षस्थानी नेलं गेलं. एकजुटीची हाक देऊन ती खाली उतरली आणि ते आसन गोरिंगला मिळालं.

१९३५ साली कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयचा प्रमुख दिमित्रोव्ह यानं धोरण बदललं. संयुक्त आघाडी आली, आणि ती आवश्यकच होती. पण त्याची व्याख्या पाहावी: फॅसिझम म्हणजे वित्तभांडवलातल्या सर्वांत प्रतिगामी थराची उघड दहशत. ही व्याख्या बँकेपर्यंत पोचते, गल्लीपर्यंत पोचत नाही. ज्यू दुकानदाराचं दुकान स्वस्तात घेणारा त्याचाच शेजारी तिच्यात बसत नाही. वंशद्वेष ही त्या मांडणीत लक्ष विचलित करण्याची युक्ती; ती ज्याच्या जिवावर बेतते त्याच्या दृष्टीनं मात्र बाकी सगळं दुय्यम. आणि रेनर? विखुरलेल्यांसाठी सर्वांत कल्पक योजना मांडणारा हाच माणूस एप्रिल १९३८ मध्ये, हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर, सार्वमतात आपण होकार देणार असं वर्तमानपत्रात जाहीर करून मोकळा झाला. तीन महिन्यांनी बाउअर पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून वारला. रेनर १९४५ साली ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

बुंदचं काय झालं ते इथे सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्या लेखांखाली फक्त नावं आहेत. युद्धाच्या तोंडावर वॉर्सा नगरपालिकेत ज्यू पक्षांना मिळालेल्या वीस जागांपैकी सतरा बुंदनं जिंकल्या होत्या. विरघळून जा म्हणणाऱ्यांना आणि निघून जा म्हणणाऱ्यांना मतदारांनी दिलेलं हे उत्तर. बुंदचे दोन सर्वांत मोठे पुढारी, एर्लिख आणि आल्टर, नाझींपासून पूर्वेकडे निसटले आणि सोव्हिएत पोलिसांच्या हाती सापडले. एकानं कोठडीत जीव दिला, दुसऱ्याला मारण्यात आलं. लंडनमधला त्यांचा प्रतिनिधी झिगेलबोइम यानं, वॉर्सा गेट्टो जळत असताना जग हात बांधून बसलं आहे म्हणून, १२ मे १९४३ रोजी आत्महत्या केली. गेट्टोतल्या लढ्याच्या नेत्यांपैकी मारेक एदेलमान वाचला. तो पुढे वूजमध्ये हृदयरोगतज्ज्ञ झाला आणि पोलंड सोडून गेला नाही.

स्टालिनचा चार कसोट्यांचा तक्ता मुंबईला पोचला तो बर्लिनमार्गे म्हणायला हरकत नाही. पनवेलचे डॉ. गंगाधर अधिकारी बर्लिनला रसायनशास्त्र शिकायला गेले, तिथे कम्युनिस्ट झाले, १९२८ च्या अखेरीस परतले आणि काही महिन्यांतच मीरत खटल्यात पकडले गेले. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांच्या मांडणीवर आधारलेला ठराव भारतीय कम्युनिस्ट पक्षानं केला. सलग मुलूख, भाषा, आर्थिक जीवन, मनोघडण या कसोट्या लावून त्यांनी हिंदुस्थानातली सोळा राष्ट्रीयत्वं मोजली आणि प्रत्येकाला फुटून निघण्याचा हक्क देऊ केला. महाराष्ट्रीय त्या यादीत आहेत. पठाण, सिंधी, पश्चिम पंजाबी मुसलमान, बंगाली, शीख आहेत. 'चले जाव'च्या ऐन धामधुमीत आलेल्या या ठरावाला पाकिस्तानचं समर्थन म्हणून झोडपलं गेलं, आणि पुढे पक्षानंही तो सोडला. माझा आक्षेप वेगळा आहे. संयुक्त प्रांतातला विणकर मुसलमान त्या यादीत कुठे आहे? हैदराबादचा? गावकुसाबाहेरचा महार? यादी प्रामाणिक होती, तिच्यामागे बहुसंख्याकांची दादागिरी नको ही खरी कळकळ होती, पण व्हिएन्नात जो प्रश्न सुटला नाही तो मुंबईतही तसाच राहिला.

त्या प्रश्नाला हात घातला तो कम्युनिस्ट नसलेल्या माणसानं. डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी तयार केलेलं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन आम्ही या संग्रहात घेतलं, यावर बराच खल झाला. आंबेडकरांना समाजवाद्यांच्या रांगेत बसवायचं का? त्या निवेदनात मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचा, शेती हा सरकारी उद्योग, जमीन सामुदायिक पद्धतीनं कसायची. आणि त्याच कागदात विभक्त मतदारसंघ आणि दलितांसाठी वेगळ्या वसाहती. भाकरीचा प्रश्न सुटला की जातीचा सुटेल, असं त्यात कुठेही गृहीत धरलेलं नाही, आणि उलटही नाही. गावोगाव विखुरलेल्या, प्रत्येक गावात अल्पसंख्य असलेल्या समाजाला संरक्षण हवं असेल तर दोन्ही एकदम हवं, असं त्याचं तर्कशास्त्र. रेनरच्या योजनेत शाळा होत्या, जमीन नव्हती. सोव्हिएत योजनेत जमीन होती, नागरिकाचा हक्क नव्हता. बांधून काढलेला असा मसुदा या संग्रहात दुसरा नाही.

१९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना आंबेडकरांनी आणखी एक इशारा दिला: भाषेचं राज्य म्हणजे त्या भाषेतल्या बहुसंख्य जातीचं राज्य होण्याची भीती आहे. वर्षभरातच संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप आणि खुद्द शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र आले. ते आंदोलन रास्त होतं आणि मुंबईचा कामगार त्याचा कणा होता. पण मुंबई मिळाल्यावर मुंबईतल्या बिगरमराठी कामगाराचं काय, यावर डाव्यांनी फारसं लिहिलं नाही. आठच वर्षांत त्याची किंमत समोर आली. दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या शिवसेनेशी १९६८ च्या महापालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षानं युती केली. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. गिरणगावातल्या त्या दोन वर्षांवर वेगळं पुस्तक व्हावं.

या संग्रहात रोमा लोकांवर लेख नाही, ही उणीव कुणाच्याही लक्षात येईल. नाझींनी त्यांना ज्यूंसारखंच मारलं, आणि युद्धानंतरच्या समाजवादी राज्यांनाही त्यांचं काय करायचं ते कळलं नाही. चेकोस्लोव्हाकियानं १९५८ साली भटकणाऱ्यांना स्थायिक करण्याचा कायदा केला. हेतू घर, नोकरी, शाळा देण्याचा होता, अंमलबजावणी गाड्यांची चाकं काढून आणि घोडे जप्त करून झाली. आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी पोलीस ठाण्यांतल्या नोंदवह्या तशा रद्द झाल्या नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून लिहिणारी माणसं भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत आहेत आणि ते काम आमच्यापेक्षा त्यांना जास्त चांगलं जमेल. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. दुसरा भाग निघेल तेव्हा पहिला लेख तो असेल.